गबाजी अस्वल आणि जुनी छर्‍याची बंदूक

एका जंगलात, जिथले सगळेच प्राणी विचारल्यावर आपण शाकाहारी असल्याचे सांगत, गबाजी नावाचे एक अस्वल राहत होते. त्याच्या बायकोचे नाव चिमाबाई. ती फक्त नावानेच चिमा होती. गुहेच्या दारातून तिला तिरके होऊन आत यावे लागे.

गबाजीची सीताफळांची बाग होती. झाडे त्याने स्वतः लावली होती आणि उन्हाळाभर नदीचे पाणी वाहून जगवली होती. पण मुलांनो, सीताफळांनी डोळे उघडले रे उघडले, की शेजारच्या चिंचेवरून वानरे उतरत. त्यांचा म्होरक्या झुंबरराव.

मागच्या वर्षी त्यांनी एक फळ ठेवले नाही. दसऱ्याला गबाजीचा मेहुणा भलीमोठी टोपली घेऊन आला होता. ती रिकामीच परत नेताना तो म्हणाला, "दाजी, बाग झकास आहे हो. सावली चांगली पडते."

हे गबाजीच्या मनाला फार लागले.

"यंदा एकही वानर बागेत येता कामा नये," तो म्हणाला.

"मग बागेत राखणीला माळा घालून द्या," चिमाबाई म्हणाली. "गोफण आहे खुंटीला. मी बसते वर."

"अगं, जग कुठं चाललंय, आणि तू गोफण कसली घेऊन बसलीस!"

असे म्हणून तो आनंदा तरसाकडे गेला. आनंदा जुन्या वस्तू विकत असे. तो सारखा हसत असे, त्यामुळे तो कधी फसवतो आणि कधी नुसताच हसतो हे गिऱ्हाइकाला कळत नसे.

"ही घ्या छर्‍याची बंदूक," आनंदा म्हणाला. "दारू नको, काडी नको. नळी अशी मोडली, म्हणजे खाली वाकवली, की आतली स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या हवेला रेटतो आणि छर्रा सुसाट!"

"आधी कोणाची होती?"

"एका सशाची. बिचाऱ्यानं कधी चालवलीच नाही. नुसती पुसून ठेवायचा."

आनंदाने चाप ओढला. धाडकन आवाज झाला आणि नळीतून निळा धूर निघाला.

"बघा ताकद!"

मुलांनो, जिच्यात दारूच नाही त्या बंदुकीतून धूर कसा आला, असे तुम्ही विचारले असते. आनंदाने सकाळी तिच्यात खोबरेल ओतून ठेवले होते, आणि आत जळले होते ते खोबरेल. पण तुम्ही लहान आहात. मोठ्यांना धूर दिसला की त्यांचे समाधान होते. गबाजीने घरातले मधाचे सर्वांत मोठे पोळे आनंदाला दिले आणि बंदूक खांद्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी वानरे आली. गबाजीने नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला.

फुस्स.

छर्रा नळीतून बाहेर आला, थोडा विचार केल्यासारखा थांबला आणि गबाजीच्याच पायावर पडला.

झुंबररावाने चिंचेवरून हाक मारली, "गबाजीराव, पुन्हा एकदा करा की! मागच्या पोरांना दिसलं नाही."

गबाजी तडक गुहेत गेला आणि त्याने बंदूक खोलायला घेतली. आता आतली स्प्रिंग बंदूक रिकामी असली तरी दाबलेलीच असते. शेवटचा स्क्रू निघाला, तशी ती सणाणत सुटली, चिमाबाईच्या कानाजवळून गेली आणि दारातून बाहेर पडली. चिमाबाईने भाकरी थापायची थांबवली नाही. ती फक्त म्हणाली, "ही वानरांना मारायची ना?"

थोड्या वेळाने दारात झुंबरराव उभा. हातात स्प्रिंग.

"तुमचं काहीतरी आलं होतं आमच्याकडं."

गबाजीने ती हिसकावून घेतली. पण झुंबरराव गेला नाही. तो मान वाकडी करून म्हणाला, "ही कमरेत वाकलीय हो. सपाट दगडावर लोळवून बघा."

गबाजीने लोळवून बघितली. स्प्रिंग लंगडत गेली.

"आणि दट्ट्याच्या तोंडाचं चामडं?"

चामडे पापडासारखे वाळले होते. गबाजीने बोट लावताच त्याचे तुकडे झाले. दोघेही "अरेरे!" म्हणाले, आणि एकदमच म्हणाले. मुलांनो, तिथेच सगळे बिघडले.

दुसऱ्या दिवशी दोघे मिळून आनंदाकडे गेले आणि त्याच्या भंगाराच्या ढिगातून सरळ स्प्रिंग शोधून आणली. आनंदा पोट धरून हसला. नळीतला गंज काढायला झुंबररावाने आपली शेपूट देऊ केली. चिंधी बांधून ती आतून बाहेर काढली, तेव्हा नळी आरशासारखी झाली. दस्त्यावर कोणीतरी चॉकलेटी रंग फासला होता. तो खरवडला, तर खाली अस्सल शिसवी लाकूड! गबाजीला भरून आले. दोघे रोज आळीपाळीने त्यावर जवसाचे तेल चोळू लागले.

चामडे मात्र मिळेना. मग गबाजीने खुंटीवरच्या गोफणीची चामडी झोळी कापली आणि तिची गोल चकती दट्ट्याला बसवली.

चिमाबाईने रिकामी खुंटी बघितली. "गोफण कुठंय?"

"बंदुकीत आहे," गबाजी अभिमानाने म्हणाला.

इकडे बागेत वानरे दोन्ही हातांनी फळे खात होती. झुंबरराव चिडून दारातून ओरडे, "अरे, जरा हळू मचमचा! इथं बारीक काम चाललंय!"

अखेर बंदूक तयार झाली. त्यांनी दूरच्या दगडावर एक बेहडा ठेवला. गबाजीने चाप ओढला. धूर नाही, धडाका नाही. नुसते 'टक्', आणि बेहडा गायब. दोघांनी एकमेकांना मिठी मारली.

"झाली ना दुरुस्त?" चिमाबाई म्हणाली. "मग आता हाकला त्यांना. दसरा आला तोंडावर. माझा भाऊ टोपली घेऊन निघाला असेल."

झुंबरराव उठून सीताफळाच्या झाडावर जाऊन बसला, कारण त्याचे काम ते होते. गबाजीने बंदूक उचलली, कारण त्याचे काम ते होते. त्याने नेम धरला. बंदूक त्याने घट्ट आवळली होती.

"सैल धरा," झुंबरराव वरून हळूच म्हणाला. "स्प्रिंगची बंदूक उडते. घट्ट धराल तर नेम चुकेल."

गबाजीने बंदूक खाली घेतली. "झुंबरराव, नळीच्या टोकावरची ही नेम धरायची माशी डावीकडं सरकल्यासारखी वाटते का हो?"

"वाटते!" झुंबररावाचा चेहरा उजळला. "पुन्हा खोलावी लागेल!"

"द्या इकडं," चिमाबाई म्हणाली.

तिने बंदूक घेतली, नळी मोडली, छर्रा घातला आणि उभ्या उभ्या चाप ओढला. झुंबररावाच्या हातातले सीताफळ फुटून त्याच्या तोंडभर झाले. दुसऱ्या क्षणी बागेत एक वानर उरले नाही. चिंचही रिकामी झाली. ती सगळी पार नाल्यापलीकडे गेली.

चिमाबाईने बंदूक गवतात ठेवली.

"अगं, ओल्या गवतात!" गबाजी कळवळून ओरडला. नाल्यापलीकडूनही कोणीतरी ओरडले, "वहिनी, आधी पुसा ती!"

त्या वर्षी बाग वाचली. शेंड्याशेंड्यांवर राहिलेली सीताफळे पिकली. वानरे काही फिरकली नाहीत. गबाजी सकाळी बंदूक पुसायचा, दुपारी पुसायचा आणि चिंचेकडे बघत बसायचा. चिमाबाईने विचारले, तर म्हणायचा, "काही नाही. माशी ढिली आहे."

दसऱ्याच्या दिवशी मेहुणा आला. चिमाबाई त्याला हात धरून बागेत घेऊन गेली. एकाही झाडावर फळ नव्हते. गबाजीही नव्हता, आणि बंदूकही.

तो नाल्यापलीकडे होता. वानरे त्याच्याभोवती बसून त्यानेच आणलेली सीताफळे खात होती, आणि तो आणि झुंबरराव माशी काढून बसवत होते.

तात्पर्य : शत्रूचा बंदोबस्त करायचा असेल, तर शस्त्र जुने आणि नादुरुस्तच घ्यावे. चांगले शस्त्र लगेच चालवावे लागते. मोडके दुरुस्त होईपर्यंत शत्रूशी ओळख होते. आणि ते दुरुस्त झालेच, तर ज्याला खरोखर काम आहे त्याच्या हाती लागू देऊ नये.