हद्दीतली अंगाई

मावशीची अंगाई चोरीला गेली. भाची लहान असताना तिला झोपवायला मावशीने स्वतः रचलेली ‘नीज माझ्या वाटाण्या, शेंग तुझी मिटली’ ही अंगाई आता पोट दाबलं की एक बाहुली गाते, असं बाजारात उघडकीस आलं. तीही बेसूर. आता भाचीला बाळ झालं होतं आणि मावशीला आपलं गाणं त्याच्यासाठी परत हवं होतं.

बौद्धिक संपदा कार्यालयातल्या साहेबांनी बाहुली उलटीपालटी करून पाहिली.

“चोरी कुठे झाली?”

“माझ्या गाण्याची झाली.”

“ते ‘कशाची’ झालं. मी ‘कुठे’ विचारतोय. बाहुली एका देशात शिवली, आवाज दुसऱ्या देशात भरला, कंपनी तिसऱ्याच देशातली. कोणाचा कायदा लावायचा?”

“ज्याच्या कायद्यानं चोर सापडेल त्याचा.”

“तसा कायदा कुठल्याच देशात नाही.”

साहेबांनी तिला परराष्ट्र विभागात धाडलं. तिथून ती सीमाशुल्क विभागात गेली. गाणं हा माल नसल्याने ते सीमा ओलांडूच शकत नाही, सबब चोरी झालेलीच नाही, असं तिथे ठरलं. मावशी परत साहेबांपुढे येऊन बसली.

“आता मात्र हद्द झाली,” ती म्हणाली.

साहेब सावरून बसले. “कोणती?”

मावशीने कपाळाला हात लावला.

“बरं, गाणं तुमचंच कशावरून?”

“बाहुलीला दोनच ओळी येतात. मला पुढचं येतं.”

“म्हणून दाखवा.”

मावशीने सगळी अंगाई म्हटली. दारातला शिपाई पेंगला, साहेबांचेही डोळे जड झाले. गाणं संपल्यावर त्यांनी प्रसन्नपणे टेबलावर हात आपटला.

“सुटला प्रश्न! या गाण्याचे इथले हक्क कंपनीने घेतलेत, शिक्का मीच मारलाय. तुम्ही ते विनापरवाना, सरकारी जागेत, साक्षीदारासमोर गायलात. गाणारी इथली, ऐकणारे इथले. इतका स्वच्छ हद्दीतला गुन्हा माझ्या नोकरीत झाला नव्हता.”

“आणि कंपनीचं काय?”

“ती हद्दीबाहेर आहे हो.”

मावशीला गायला बंदी झाली. ती बाळाला नुसतंच थोपटते. बाळ काही झोपत नाही. शेवटी भाचीने नाइलाजाने बाहुली आणली.

वाईट वाटलं ना? मग तुमच्या घरातल्या बाहुलीचं पोट दाबून बघा. दोन ओळींवर ती थांबते. पुढचं कोणाला येत होतं, हे ती विकत घेताना तुम्ही तरी कुठे विचारलंत?