आरा घेऊन वर्गात जाणारे वानखडे

वानखडे फिजिक्सच्या वर्गात आरा, म्हणजे करवत, घेऊन जायचे. खडू विसरतील, चष्मा विसरतील, आरा नाही. सोबत परतवाड्याहून आणलेली सागाची फळी. अकोल्याच्या त्याच कॉलेजात मी मराठी शिकवायचो. माझा वर्ग शेजारीच, त्यामुळे माझ्या कविता खर्रखर्र आवाजातच पार पडायच्या.

“पाहा,” ते ओरडायचे, “आरा पुढं गेला, मांगं आला. सरासरीनं सरकला किती? शून्य! मंग भुसा काहून पडून राहिला?”

एसी करंटही असाच पुढेमागे जातो, त्याची सरासरी शून्य. पण दिव्यात विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उलटला की सोबत प्रवाहही उलटतो. उणे गुणिले उणे अधिक, म्हणून सरासरी शक्ती शून्य होत नाही आणि दिवा तापतो. एवढं मलाही भिंतीपलीकडून पाठ झालं होतं. चोकवर, म्हणजे ट्यूबलाइटमधल्या तारेच्या वेटोळ्यावर, मात्र त्यांचा राग. तिथे प्रवाह दाबाच्या पाव फेरा मागे राहतो. “घेते तेवढं वापस करते! वायर गरम, काम काईच नाई!”

एकदा प्राचार्यांनी दोन तास मीटिंग घेतली. शेवटी वानखडे उठून म्हणाले, “करंट लय वाहिला, सरासरी पॉवर शून्य.” प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. वानखडेंनी तो आलेखासहित दिला.

दर शनिवारी ते मूर्तिजापूरला जात. बायको रुसून माहेरी बसली आहे, असं स्टाफरूमचं ठाम मत. एका रविवारी मी तिथे लग्नाला गेलो होतो, तेव्हा पत्ता विचारत त्यांच्या सासुरवाडीला गेलो. ओसरीवर एक आंधळी म्हातारी बसली होती आणि वानखडे तिची वेणी घालत होते. वेणी बरी जमली होती.

“सासू माही,” ते ओशाळून म्हणाले.

“आणि वहिनी?”

“ते तं वारली. चार वर्सं झाले.” त्यांनी वेणीला गाठ मारली. “बुढीले दुसरं कोणी नाई.”

“कोन आलं, जवाईबापू?” म्हातारीने विचारलं.

“कॉलेजातले हायेत. सोबती.”

“तुमाले सोबती बी हाये?” तिचा चेहरा एकदम उजळला. “कधी बोलले नाई तुमी!”

वानखडे माझ्याकडे बघत राहिले.

“आहे ना, माय,” मी म्हणालो आणि चपला काढून तिच्याशेजारी बसलो.