टाकीच्या पायाला चिकटवलेला कागद

छत्तीस वर्षे मी मुलांना भूगोल शिकवला. ज्वालामुखी कुठे फुटतात, नद्या कुठे वळतात, सगळे फळ्यावर दाखवले. तेव्हा आमच्या महाल नावाच्या वस्तीतल्या एवढ्याशा गल्लीत पुढेमागे काय कोसळणार, हे सांगायला मला एक सकाळ पुरे, असे मी जाहीर करून टाकले.

उन्हाळ्याची सुट्टी होती. पायल, वैभवी आणि आणखी तीन मुले घेतली. सोबत टेप, वही आणि गेरूचा डबा. नियम सोपा: धोका दिसला की लाल फुली. वाकलेला विजेचा खांब, एक फुली. रुपरावांच्या कुंपणाची भिंत, दोन. आणि गल्लीच्या पाण्याची टाकी, चार! तिच्या एका पायाला अशी भेग होती की पायलची दोन बोटे आत गेली. टाकीला लागूनच वच्छलाबाईंचे टिनाचे स्वयंपाकघर.

"गुरुजी, हे पडन का हो माह्या अंगावर?" वच्छलाबाईंनी कढईवरून मान वर करून विचारले.

"पडायच्या आत उतरवून घेऊ. सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज महापालिकेला दिला की झाले."

दुपारी सह्यांना निघालो, तर दारे बंद. एकटे रुपराव आपल्या दोन फुल्यांवर पाठ टेकून उभे होते.

"गुरुजी, खरं सांगा. रस्ता किती फूट वाढवून राहिले?"

"कोणता रस्ता?"

"आता आमच्यापासून काय लपवता? मागच्या गल्लीत बी अशाच लाल फुल्या मारल्या होत्या. आठव्या दिवशी बुलडोझर."

"अहो, हा मुलांचा अभ्यास आहे."

"सुट्टीत? कोणतं लेकरू सुट्टीत अभ्यास करते?"

मी शांतपणे वही उघडून गल्लीचा नकाशा दाखवला. तीच चूक झाली. "नकाशा बी तयार आहे म्हंते" ही बातमी माझ्याआधी गल्लीच्या टोकाला पोहोचली.

दुसऱ्या दिवशी एकही फुली जागेवर नव्हती. रुपरावांच्या दोन्ही फुल्या दुर्गेशच्या फाटकावर, आणि खांबाची माझ्या दारावर. दुर्गेश मिस्त्रीकाम करतो. त्याने टाकीच्या पायाला सिमेंट फासून वर चुनाही मारला होता.

"घ्या," तो म्हणाला. "आता तोडासारखं काई राह्यलंच नाही."

"भेग बुजली, पण टाकी तर भरूनच आहे ना," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी पोळ्या लाटू का वर पाहू?"

"हिनंच गुरुजीले लावून देल्लं असन," दुर्गेश पुटपुटला. "टाकी हटली का हिले खोली काढाले जागा."

रागावण्यापेक्षा प्रयोग बरा. वैभवीने वहीचा पातळ कागद त्या जागेवर ताणून डिंकाने चिकटवला. भेग आतून वाढत असेल तर कागद फाटेल, नाहीतर शाबूत राहील, हे मी सर्वांना तीनदा समजावले.

सकाळी कागद फाटलेला होता.

"वच्छलाबाईनं फाडला," दुर्गेश म्हणाला.

"मले का तेवढंच काम आहे?"

रुपरावांना माझा संशय होता. मग ठरले की नवा कागद लावायचा आणि समोर बसून राखण करायची. कोणाचाच कोणावर विश्वास नसल्यामुळे घरी थांबायला कोणी तयार नव्हते. दहाच्या सुमारास अख्खी गल्ली खुर्च्या, पाट आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन नेमकी त्या टाकीखाली येऊन बसली. सावली तेवढी तिथेच होती. धोका शिकवणारा मी पहिल्या रांगेत होतो, हेही कबूल करतो.

"गुरुजी," पायलने हळूच विचारले, "आपण चार फुल्यांच्या खाली बसून राहिलो ना?"

मी तोंड उघडणार, तोच कागद टरकन फाटला. कोणी हात लावला नव्हता. पाठोपाठ चुन्याचा एक पोपडा रुपरावांच्या टकलावर आपटला.

दहा वर्षे गुडघे धरून चालणारे रुपराव सर्वांच्या पुढे पळाले. वैभवीने वच्छलाबाईंना ओढून बाहेर आणले, हातातल्या लाटण्यासकट. अर्ध्या तासात सह्या पूर्ण झाल्या. दुर्गेशने तर दोनदा केली. संध्याकाळी टाकी रिकामी झाली, आठवड्यात उतरवली. वच्छलाबाई आता वर न पाहता पोळ्या लाटतात.

नवी टाकी होईपर्यंत पाणी टँकरने येते.

"गुरुजी," रुपरावांनी कालच विचारले, "टँकर रोज तुमच्याच दारापुढं काहून थांबते?"

मी त्यांना रस्त्याचा उतार आणि नळीची लांबी आकृती काढून समजावली. त्यांना काही पटले नाही.

टँकर चालवणारा नागसेन माझा दहावीचा जुना विद्यार्थी आहे, हे मात्र मी अजून गल्लीत कोणाला सांगितलेले नाही.