त्रेसष्ट अंश, तीस मिनिटं

इंगवले साहेब आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा नाव सांगायच्या आधी त्यांनी खिशातून थर्मामीटर काढला आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावरच्या दुधात बुडवला. "कधी तापवलं? झाकण का न्हाई?" असं त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. तिला वाटलं, गॅस कंपनीचा माणूस आलाय. तिनं घाबरून शेगडी दाखवली.

राजारामपुरीत आमच्या वरच्या मजल्यावर ते नव्यानं राहायला आले होते. निवृत्त अन्न निरीक्षक. म्हणजे खात्यानं त्यांना निवृत्त केलं होतं, त्यांनी खात्याला केलं नव्हतं. आठवड्याभरात आमच्या दाराखालून एक कागद सरकून आला. 'सुधारणा सूचना. विषय : फ्रिजमध्ये दुधाशेजारी उघडी कांद्याची कोशिंबीर.' खाली, एक प्रत माहितीसाठी सोसायटीच्या अध्यक्षांना.

कोल्हापूर शहर जिवंत आहे ते निव्वळ पाश्चरायझेशनमुळं, अशी त्यांची श्रद्धा होती. "उकळणं म्हंजे पाश्चरायझेशन न्हवं. त्रेसष्ट अंश, तीस मिनिटं, आणि लगेच गार," हे ते जिन्यात, भाजीच्या गाड्यावर, अगदी सांत्वनाला गेले तरी सांगत. एका लग्नात ते बासुंदीच्या पातेल्याशी इतका वेळ चौकशी करत उभे राहिले, की मागच्या पावण्यांनी त्यांना वाढपी समजून वाट्या पुढं केल्या. त्यांनीही वाढली. तापमान बघून.

इथवर सगळी करमणूक होती. मग त्यांची नजर आक्काताईंवर गेली.

आक्काताई पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातून मोपेडवर किटल्या बांधून आमच्याकडं म्हशीचं दूध घेऊन यायच्या. साय अशी, की उलथण्यानं काढावी. इंगवल्यांनी त्यांना फाटकात अडवून नोंदणीचा कागद मागितला. आक्काताई म्हणाल्या, म्हैस गोठ्यात बांधलीय, तिला जाऊन इचारा. साहेबांनी खात्याला पत्र लिहिलं. ज्या खात्यात त्यांच्या कारकिर्दीत फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला महिना लागायचा, ते खातं चार दिवसांत आमच्या फाटकात हजर झालं. नोंदणी होईपर्यंत विक्री बंद.

सोसायटी पेटली. गच्ची गळत होती तेव्हा सभेला तिघं आले होते, सायीसाठी सतरंजी पुरेना. साहेबांना चहाला बोलवायचं नाही, जिन्यात बोलायचं नाही, असं एकमतानं ठरलं. ठराव मीच लिहिला. अक्षर चांगलं आहे म्हणून.

त्यानंतर साहेब रोज सकाळी पिशवी घेऊन एसटी स्टँडकडं जाताना दिसू लागले. परतायचे ते दुपार कलल्यावर. कुणी म्हणे नवस असेल, कुणी म्हणे नवी सोयरीक. विचारणार कोण? आमचं तर बोलणंच बंद.

दोन महिन्यांनी माझं पन्हाळ्याला काम निघालं. परतताना आक्काताईंच्या गावात उतरलो. त्यांची विचारपूस करायची होती असं मी बायकोला नंतर सांगितलं. खरं म्हणजे तूप मिळतंय का ते बघायचं होतं.

गोठ्यासमोर चूल पेटलेली. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात दुधाचा डबा, आणि त्यावर वाकून, बाह्या दुमडून, डबा ढवळत बसलेले इंगवले साहेब. मला बघून ते ओशाळले. दूध गार करायला पाणी आणतो म्हणून बादली उचलून मागच्या हौदाकडं गेले.

आक्काताईंनी मला दगडावर बसायला सांगितलं आणि हकिगत सांगितली. विक्री बंद झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेब दारात उभे. तुमचा धंदा मोडायचा न्हवता, असं चाचरत म्हणाले. म्हशीच्या रक्ताची तपासणी त्यांनीच करून आणली, अर्ज त्यांनीच भरला. त्यासाठी हापिसात दोनदा रांगेत उभे राहिले. ज्या टेबलाशी त्यांची सगळी नोकरी झाली, तिथल्या नव्या बाईनं त्यांना 'आजोबा, बाजूला सरका' म्हटलं. त्या दिवशी ते जेवलेच नाहीत.

"मग कागद कधी मिळणार?" मी विचारलं. "आमच्याकडं दूध परत..."

"कागद येऊन तीन आठवडं झालं. दूध आता गडावरच्या हॉटेलात जातंय. तुमच्याकडं न्हाई यायची मी. तुम्ही लोकं त्यांच्यासंगं बोलत न्हाईसा म्हणं."

मी चपलेकडं बघत विचारलं, कागद आलाय, तर साहेब अजून रोज कशाला येतात?

"मला अजून जमत न्हाई, असं त्यास्नी वाटतंय." आक्काताईंनी हौदाकडं बघून आवाज खाली आणला. "बायकू गेली, लेक तिकडं बेंगळूरला. सकाळी उठून माणसानं कुठं जायाचं?"

तेवढ्यात हौदापासून साहेबांचा आवाज आला. "आक्काताई, त्रेसष्टला आलं का?"

आक्काताईंनी डब्यातला थर्मामीटर बघितला. पारा त्रेसष्टवर होता. मग चुलीतलं एक लाकूड हळूच मागं ओढलं.

"न्हाई ओ सायेब," त्या म्हणाल्या, "साठावरच अडलंय. तुमीच या की."