इरप्पाच्या गाडीचा दम

माणूस समोर आला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. इरप्पा छातीकडे बघायचा. जिना चढून कुणी दारात उभं राहिलं, की हा मान तिरकी करून त्याचा श्वास ऐकणार आणि लगेच निदान सांगणार. आमच्या मुख्याध्यापकांना पहिल्याच भेटीत म्हणाला, "साहेब, तुमचा एक प्लग मिस मारतोय." साहेब रागावले, पण दुसऱ्या दिवशी गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरनं तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत.

इरप्पा आमचा शेजारी. मूळचा मैंदर्गीचा. घरात कानडी, बाहेर मराठी आणि चिडला की दोन्ही. अक्कलकोट रोडच्या एका चादरींच्या कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग ताळ्यावर आणणारा. चाळीस माग एकदम खडखडत असताना कुठला माग आजारी आहे, हे त्याला दारातूनच कळायचं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. पण माझं विज्ञान फळ्यावरचं आणि त्याचं हातातलं. हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही. असा माणूस भिंतीला भिंत लावून राहत होता, याचा मला आजही अभिमान आहे.

त्याच्याकडे एक जुनी काळी मोटार होती. मालकानं मोडीत काढलेली, यानं उभी केलेली. सपाट रस्त्यावर ती झकास पळे. पण तुळजापूरचा घाट लागला की धापा टाकायची, आणि मग निम्मी माणसं उतरून चालायची. इरप्पाला ते जिव्हारी लागायचं. "इंजन चांगलं हाय की सर. दम पुरत न्हाय, बस."

एका रविवारी तो फडक्यात काहीतरी बांधून आला. आत गोगलगाईसारखा लोखंडी गोळा. धरणाच्या कामावरचं एक परदेशी यंत्र भंगारात निघालं होतं, त्यातला टर्बोचार्जर. इंजिनाचा बाहेर पडणारा धूर एक चक्री फिरवतो आणि त्याच दांड्यावरची दुसरी चक्री बाहेरची हवा इंजिनात कोंबते, एवढंच मला वाचून माहीत होतं.

"मंजी सोडलेल्या श्वासानंच नवा श्वास घ्यायचा. हौदल्ला?" इरप्पा म्हणाला. हौदल्ला म्हणजे हो की नाही. इतकं सोपं मी कधी वर्गात सांगू शकलो नव्हतो.

पुढचे सहा महिने गल्लीला करमणूक झाली. पहिल्या खेपेला गाडी चालू झाली, शिट्टी वाजू लागली, आणि तिसऱ्या दिवशी जीव गेल्यासारखी किंचाळून गप्प झाली. दांडा जागच्या जागी जाम झाला होता. "तेल दिलं होतंस का?" मी विचारलं. "दिलं की! सकाळ-संध्याकाळ, नेमानं." आणि त्यानं कुपी दाखवली. लांब चोचीची, मागांना तेल घालायची! मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या त्या दांड्याला हा गृहस्थ मागासारखं दोन वेळा दोन-दोन थेंब पाजत होता. माझं हसू काही केल्या थांबेना. तोही हसला. मग दांडा नवा कातून घेतला आणि इंजिनातूनच तांब्याची बारीक नळी काढून त्याला अखंड तेलाची धार लावली. नंतर इंजिन ठोके मारू लागलं, रेडिएटर उकळू लागला. एकेक दुखणं त्यानं निस्तरलं.

शेवटी मीच वैतागलो. "इरप्पा, पेट्रोल जास्त खाणार, इंजिन लवकर झिजणार. साध्या गाडीला हे टर्बोचं शेपूट लावण्यात राम नाही. त्यापेक्षा ही विक आणि मोठी घे!"

इरप्पानं पाना खाली ठेवला.

"मोटी घेतली तर गौरव्वा काय म्हनंल? माज्या वजनासाटी गाडी बदलली, आसंच की." गौरव्वा म्हणजे त्याची बायको.

मग त्यानं सांगितलं. चार वर्षांपूर्वी सासरची मंडळी घेऊन तो तुळजापूरला निघाला होता. घाटात गाडी अडली. मेहुणा म्हणाला, "अक्का उतरली की चढंल." गौरव्वा अंगानं चांगली भरदार. ती उतरली आणि गाडी खरंच चढली. सगळे हसले, सगळ्यांत जास्त तीच हसली. पण त्या दिवसानंतर ती गाडीत बसली नाही. बाजाराला चालत, माहेरी एस.टी.नं. "मला यष्टीच बरी," एवढंच म्हणायची.

"मनून गाडी हीच पायजे, सर. आन् तिला घेऊन चढाय पायजे."

त्यात राम आहे की नाही, हा विषय मी पुन्हा काढला नाही.

पुढल्या मंगळवारी शाळेला सुट्टी होती. गौरव्वावहिनींना मीच भीड घातली. त्या मागच्या सीटवर दाराला चिकटून बसल्या, दांडीवर हात ठेवून, कधीही उतरायच्या तयारीत. मी पुढे. तेव्हा माझं वजन दप्तरासकट पन्नास किलोच्या आतच असेल.

घाट लागला. शिट्टी चढत गेली आणि गाडीही. एक वळण गेलं, दुसरं गेलं. ऊस भरलेला एक ट्रक आम्ही मागे टाकला! माझा ऊर भरून आला. जणू दांडा मीच कातला होता.

आणि वरच्या वळणावर इरप्पानं गाडी थांबवली.

इंजिन कुरकुरत नव्हतं. पाणी उकळलं नव्हतं. मला काही उमगेना. मागे दाराची दांडी खटकन वाजली.

"इळीबेड!" इरप्पा मागे न बघता ओरडला. उतरू नकोस. एवढं कानडी मला येत होतं. मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुमी उतरा. गाडीला वजन झेपंना."

मी त्याच्याकडे बघितलं. त्या वळणाकडे बघितलं. चार वर्षांपूर्वी गाडी कुठे अडली होती, ते मला विचारावं लागलं नाही. मी दार उघडून उतरलो.

गाडी वहिनींना घेऊन शिट्टी घालत भर्रकन वर गेली. मी मागून चालत, धापा टाकत पोचलो. काच खाली होती आणि वहिनी ऐसपैस, सीटच्या मधोमध बसल्या होत्या.

"सर," त्या म्हणाल्या, "जरा जेवन कमी करा की. तुमच्यापायी गाडी आडली." आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"व्हय वहिनी," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या अभिमानानं मी कुठलाच आरोप कबूल केला नाही.

इरप्पा बॉनेट उघडून आत वाकला होता. आत बघण्यासारखं काही नव्हतं, सगळं जागच्या जागी होतं. पण बराच वेळ त्यानं तोंड बाहेर काढलं नाही.