इंगळे सरांची पूर्णा

आमच्या गावच्या पुलावर उभं राहून फोटो काढणाऱ्याला पोलिसांची भीती नसते, इंगळे सरांची असते. पोरं मोबाइल वर करतात न करतात तोच मागून सायकल थांबते आणि प्रश्न येतो, "कोणाले पुसून?"

"फोटो काढून राह्यलो सर, नदीचा."

"ते दिसते. पुसलं कोणाले?"

पूर्णा नदी वर सातपुड्याकडे उगम पावते आणि खाली तापीला मिळते, असं भूगोलाचं पुस्तक सांगतं. इंगळे सरांच्या मते ती आमच्या पुलाच्या अलीकडे सुरू होते आणि पलीकडच्या दरडीशी संपते. तेवढी त्यांची.

मी त्यांच्याच शाळेत गणित शिकवायचो. ते चित्रकला. वरवट बकालच्या पुढचं आमचं गाव, तिथल्या कॉलनीत आमची घरं शेजारी. दोघंही निवृत्त. मी निवृत्त झालो म्हणजे शाळेत जायचा थांबलो. सर निवृत्त झाले म्हणजे सकाळीसुद्धा नदीवर जायला लागले. आधी फक्त संध्याकाळी जात.

एकदा मी सहज नदीकाठानं फिरून आलो. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून चौकशी. "काल सांजेले तिकडे गेलते म्हणे?"

"हो, जरा पाय मोकळे करायला."

"पायासाठी डांबरी रोड हाय ना."

"नदीवर छान वाटतं हो."

सर एकदम सावध झाले. "छान म्हणजे? काय छान वाटलं? पाणी का दरडी?"

बायको उशिरा घरी आल्यावर संशयी नवरा जसा विचारतो, तसंच ते विचारत होते. मी घाबरून "वारा" म्हणालो. वाऱ्यावर त्यांचा हक्क नसावा. सुटलो.

शाळेची सहल चांगदेवला गेली होती तेव्हाची गोष्ट सगळ्या शिक्षकांच्या लक्षात आहे. तिथे पूर्णा तापीला मिळते. सगळे संगम बघायला उतरले, सर बसमध्येच बसले, खिडकीचा पडदा ओढून. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही जा. तिथून पुढं तिले तापी म्हणतात. मले नाही पाहवत."

त्यांच्या घरात भिंतभर पूर्णाच आहे. उन्हाळ्यातली बारीक, पुरातली मातकट, थंडीतली धुक्यात दडलेली. एका हॉटेलवाल्याला त्यातलं एक हवं होतं. तो म्हणाला, हे आमच्या सोफ्याला मॅच होतं. सरांनी त्याला चहासुद्धा पूर्ण पिऊ दिला नाही. "पोरगी द्याची तर घर पाहा लागते," ते मला म्हणाले, "हा तर सोफा घेऊन आला!"

मंदावहिनींचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, एकच गाऱ्हाणं. "इतक्या वर्षांत मले एकदा समोर बसोलं नाही चित्रासाठी. मी काय दिसाले वाईट हाव का?" यावर सर रंगाचे हात पुसत म्हणत, "तू एका जागी बसतं कुठं?" आणि वहिनी म्हणत, "अन् नदी बसते?"

तर अशा माणसाकडे अकोल्याचे चित्रकार राऊत आले. पन्नाशीचे, अगदी सज्जन. सरांचं नाव ऐकून, मुद्दाम बस पकडून आलेले. म्हणाले, "सर, तुमची पूर्णा रंगवायची आहे. चांगली जागा कुठली?"

सर गोड हसले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्यांनी राऊतांना हाताला धरून कोपऱ्यापर्यंत नेलं आणि कॉलनीमागच्या नाल्याचा रस्ता दाखवला. "तिथं पूर्णेचा एक फाटा येते. भल्ला सुंदर! कोणाले माहीत नाही."

राऊत दोन दिवस त्या फाट्यावर बसून परत गेले. सर आठवडाभर शीळ घालत फिरत होते.

पुढे खामगावला चित्रप्रदर्शन भरलं. सरांनीही एक चित्र पाठवलं होतं, म्हणून सर, वहिनी आणि मी गेलो. आत शिरलो तर एका चित्रापुढे ही गर्दी. वर पहिल्या बक्षिसाची फीत, खाली नाव: 'पूर्णेची सांज'. चित्रकार राऊत. सोनेरी पाणी, निवांत म्हशी, वाकलेला कडुनिंब. माझ्यासारख्या गणितवाल्यालाही थांबावंसं वाटलं. सरांचं चित्र पलीकडे कोपऱ्यात होतं. त्याच्यापुढे फक्त एक खुर्ची होती आणि तीही रिकामी.

"पूर्णा इतकी सुंदर आहे माहीत नव्हतं," एक बाई म्हणाल्या.

सरांचा चेहरा काळवंडला. माझा दंड पिळत ते कुजबुजले, "काळे सर, माह्या नदीचं नाव लावलं त्या गटाराले! अन् लोक भुलून राह्यले!"

"मग सांगा की खरं काय ते."

"कसं सांगू? पाठोलं कोणं?"

ते पुढे काही बोलणार, तोच वहिनी चित्राजवळ जाऊन मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, हा तर आपल्या कॉलनीमागचा नाला! तो पाहा पाइप, आपलं सांडपाणी येते त्यातून!"

सगळे वळले. राऊतही वळले. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग सरांकडे. "सर, दोन दिवस नाकाला रुमाल बांधून बसलो होतो. वाटलं, मोठ्या माणसाची नदी आहे, वास सोसला पाहिजे. तुम्ही मुद्दाम पाठवलं?"

"हाव."

"पण का?"

सर शाळेतल्या पोरासारखे जमिनीकडे पाहायला लागले. म्हणाले, "तुमचा हात चांगला हाय, म्हणून."

राऊत रागावले नाहीत. फीत सोडवून त्यांनी खिशात घातली आणि म्हणाले, "मग खरी कधी दाखवता?"

त्या रविवारी ते आले. सरांनी त्यांना आधी बाभळीआड बसवलं, जिथून नदीपेक्षा काटेच जास्त दिसत होते. स्वतः मागे हाताची घडी घालून उभे. थोडा वेळ गेला. ऊन कललं, काळ्या दरडी तांबूस व्हायला लागल्या, आणि सरांची चुळबुळ सुरू झाली. "उठा," ते एकदम म्हणाले. "इथून नाही दिसत ते. चला." आणि राऊतांचं सामान स्वतः उचलून त्यांनी त्यांना आपल्या रोजच्या खडकावर नेऊन बसवलं. त्या खडकावर मला कधी टेकूही दिलं नव्हतं.

मग दोघं बोलायला लागले. पाणी खालून कोणत्या रंगाचं, दरडीची सावली किती जांभळी. मी जवळच होतो, पण मला त्यातलं काही कळत नव्हतं. चित्र झालं. सरांनी ते पाहिलं, खूप वेळ पाहिलं. चांगलं म्हणाले नाहीत. राऊतांचे कुंचले घेऊन ते पाण्याशी गेले, उकिडवे बसले आणि एकेक करून धुऊन आणले.

बस गेल्यावर आम्ही दोघं स्टँडवरून परत निघालो. सर सायकल हातात धरून चालत होते.

"काळे सर," ते म्हणाले, "आज लय बोललो ना मी?"

"बोललात खरं."

"तिच्याबद्दल बोलाले कोणी भेटलंच नाही आजवर." मग माझ्याकडे न बघता, "तो येईन का पुन्हा?"

"बोलावलं तर येईल की."

"मग लावा ना फोन," सर म्हणाले. "पण मी म्हणलं, असं नोका सांगू."