गॅलरीतलं खोकं

एसीतून वारा येत होता. पण तसा वारा पिंप्राळ्याच्या रस्त्यावरही येत होता, तोही विजेच्या बिलाशिवाय. चुडामणराव पलंगावर उभे राहून एसीच्या तोंडापुढे तळहात धरून त्याचा अभ्यास करत होते. खाली त्यांची मुलगी ऋतिका तान्ह्या पोरीला पुठ्ठ्याने वारा घालत होती. पोरीच्या पाठीवर घामोळ्यांची रांगोळी उमटली होती.

"नाना, आज खोली थंड झाली तर ठीक," ऋतिका म्हणाली. "नाहीतर उद्या सकाळी मी निघते. हिचे हाल बघवत नाहीत मला."

ऋतिका धुळ्याहून, देवपूरच्या सासरहून, आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आली होती. नातीची ही पहिली आखाजी. चुडामणरावांनी घरापुढच्या ओट्यावर सणाचा झोका बांधून, त्यावर स्वतः बसून तो तपासलाही होता. आता झोका मजबूत आणि बसणारी धुळ्याला, अशी वेळ आली होती. भरीला देवपूरचे व्याही योगराज रोज व्हिडिओ कॉल करून नातीची चौकशी करत आणि बोलता बोलता मोबाइल आपल्या एसीकडे वळवत. आमच्याकडे पहाटे गोधडी लागते, असं ते सहज म्हणत. चुडामणरावांना ते सहज वाटत नसे.

दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, आखाजी होऊन जाऊ द्या, मग बघू. चुडामणरावांना याचं मनातून बरंच वाटलं. ते शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. प्रयोग सायन्सचे सर करत आणि काचेच्या नळ्या हे धूत. त्यामुळे एखाद्या वस्तूच्या आत नेमकं काय चाललंय, हे स्वतः उघडून बघण्याची त्यांची भूक नोकरीभर तशीच राहिली होती. निवृत्तीनंतर त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उघडून पाहिलं. परत बंद करताना एक चाक बाहेर उरलं, पण घड्याळ चालू झालं. तेव्हापासून कारखानदार उगाच जास्तीची चाकं घालतात, असं त्यांचं मत होतं.

"मेन बटण बंद करा आधी," त्यांच्या पत्नी सुनंदाबाईंनी स्वयंपाकघरातून बजावलं.

या कामातला त्यांचा सहभाग इथे संपला, कारण त्यांच्या वर्षाच्या बिबड्या चालू होत्या. ज्वारीचा घाटा शिजवायचा, ओल्या लुगड्यावर गोल गोल थापायचा आणि वाळवायचा, हे त्या आठवडाभर करत होत्या. या दिवसांत जो पुरुष स्वयंपाकघरात दिसेल, त्याच्या हातात घाटा ढवळायचं लाकूड दिलं जातं. म्हणून चुडामणराव तिकडे फिरकतच नव्हते. पाणी प्यायलासुद्धा ते ओट्यावरच्या माठाकडे जात. एसीचं बाहेरचं खोकं स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत होतं. ते घरघरायचं, अधूनमधून थांबायचं आणि पुन्हा घरघरायचं. घरघरतंय म्हणजे चालू आहे, असं समजून त्यांनी ते तपासातून वगळलं होतं.

त्यांनी एसीचं झाकण वर उचललं. आतल्या जाळ्या अलगद निघाल्या. जाळ्या म्हणायच्या एवढंच, कारण भोकं दिसतच नव्हती. चुडामणरावांनी चष्मा पुसून ती धूळ काडीने उलगडली. तिच्यात कापसाचे तंतू होते, सुनंदाबाईंचे केस होते आणि शेंगदाण्याचं एक फोलपट होतं. शेंगदाण्याचं फोलपट भिंतीवर एवढ्या उंच कसं चढलं, या प्रश्नाने ते इतके भारावले की ते फोलपट त्यांनी काड्यापेटीत जपून ठेवलं. मग जाळ्या नातीच्या शाम्पूने धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि परत बसवल्या.

एसी चालू झाला. घटकाभर गार वारा आला. ऋतिकाच्या हातातला पुठ्ठा थांबला. मग वारा पुन्हा कोमट झाला आणि पुठ्ठा हलू लागला.

तोवर शेजारचे लोटनभाऊ येऊन खुर्चीत बसले होते. त्यांची केळीची शेती होती, आणि यंत्र कुठलंही असो, त्यांना एकच आजार माहीत होता.

"गॅस संपला, भो," ते म्हणाले.

गॅस संपला असता तर मघाशी गार वारा आलाच नसता, असं चुडामणरावांनी दाखवून दिलं. त्यांच्या मते जाळीमागच्या पत्र्यांच्या बारीक फटींत घाण बसली होती आणि तिथे पाण्याचा बारीक फवारा हवा होता. फवारा म्हटल्यावर लोटनभाऊ उठले. थोड्या वेळाने ते केळीवरच्या फवारणीचा नवाकोरा पंप पाठीला बांधून, तोंडाला गमछा गुंडाळून परत आले. सोबत केळीच्या घडांना घालायच्या प्लास्टिकच्या पिशव्याही होत्या. चुडामणरावांनी त्या फाडून, चिकटपट्टीने जोडून एसीखाली झोळी बांधली.

मेन बटण पुन्हा बंद करून लोटनभाऊंनी फवारा सुरू केला. काळं पाणी येऊ लागलं. पाणी जितकं काळं, तितका चुडामणरावांचा चेहरा उजळला. पण लोटनभाऊंचा हात शेतातला. तो एका जागी राहीना. एसीनंतर त्यांनी कॅलेंडर फवारलं आणि लग्नातला फोटोही फवारला. सुनंदाबाईंचा चेहरा पुष्कळ वर्षांनी स्वच्छ दिसू लागला. एवढ्यात झोळीची चिकटपट्टी सुटली आणि सगळं काळं पाणी पलंगावरच्या गादीवर उतरलं.

ऋतिकाने कपाटावरची पिशवी काढली आणि झबली भरायला सुरुवात केली.

एसी पुन्हा चालू करून पाहिला तर वारा कोमटच, आणि आता गादी वाळवणंही भाग होतं. गच्चीवर ती एकट्याने चढवता येईना, आणि लोटनभाऊंना एकाएकी शेतातलं काम आठवलं होतं. उरली गॅलरी. चुडामणरावांनी गादी डोक्यावर घेतली आणि आठवड्यात पहिल्यांदाच ते स्वयंपाकघरातून गेले. घाट्याच्या पातेल्याकडे त्यांनी पाहिलं नाही. गॅलरीच्या दारात मात्र ते गादीसकट थबकले.

बाहेरच्या खोक्याला सुनंदाबाईंचं जुनं लुगडं चहूबाजूंनी गुंडाळलं होतं आणि सुतळीने आवळलं होतं. लुगड्यावर अर्धवट वाळलेल्या बिबड्या ओळीने चिकटल्या होत्या. आतला पंखा तोंड दाबल्यासारखा घुमत होता. लुगडं फुगायचं, बसायचं. मग खोकं थांबलं.

"हे काय शे?" त्यांनी विचारलं.

"बिबड्या," सुनंदाबाई म्हणाल्या. "गुडघ्यांनी गच्ची चढवत नाही. हे खोकं दिवसभर गरम वारा फेकतं. वाया कशाले जाऊ द्यायचा?"

"कधीपासून?"

"पोरगी आली तेव्हापासून. एसी तेव्हाच लागला ना."

चुडामणरावांनी गादी खाली ठेवली आणि समजावून सांगितलं. खोलीतली उष्णता इथून बाहेर पडते. इथेच तोंड बांधलं की यंत्र तापून थांबतं आणि आत गारवा येत नाही. सुनंदाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग तुम्ही सकाळपासून आत काय धूत होते?"

चुडामणरावांनी लुगडं सोडलं आणि लोटनभाऊंच्या गच्चीवर नेऊन पसरलं.

संध्याकाळपर्यंत खोली अशी गार झाली की नातीला दुपटं पांघरावं लागलं. ती झोपली. ऋतिकाने मात्र पिशवी दाराशीच ठेवली. उद्याही असंच राहिलं तर राहीन, म्हणाली. तिकडचा एसी भरवशाचा आहे.

तेवढ्यात योगराजांचा कॉल आला. आज त्यांनी मोबाइल एसीकडे वळवला नाही. कपाळावरून घाम ओघळत होता.

"चुडामणभाऊ, पोरीला एवढ्यात पाठवू नका. आमच्या एसीला काय झालं कळेना. वारा येतो, गारवा नाही. तुम्ही तुमचा उघडला म्हणे. काय काय केलं, सांगा बरं."

चुडामणरावांचं लक्ष त्यांच्या घामावर नव्हतं. योगराजांच्या मागे खिडकी होती. खिडकीपलीकडच्या गॅलरीत एक पिवळं लुगडं फुगत होतं, बसत होतं, आणि त्यावर गोल गोल काहीतरी चिकटलेलं होतं. ते सुनंदाबाईंनाही दिसलं. त्यांनी पदराला हात पुसले.

"काल विहीणबाईंचा फोन आला होता," त्या हळूच म्हणाल्या. "मी युक्ती सांगितली."

चुडामणरावांनी दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं, झोपलेल्या नातीकडे पाहिलं आणि खुर्चीत मांडी घातली.

"आधी मेन बटण बंद करा," ते म्हणाले. "मग जाळ्या काढा. शाम्पूने धुवा, सावलीत वाळवा. घाई नको. मग फवारणीचा पंप मिळवा."

"बाहेरचं खोकं बघू का?"

"त्याला हात नका लावू. दोष आतच असतो."

फोन ठेवल्यावर सुनंदाबाईंनी विचारलं,

"खरं का नाही सांगितलं?"

"सांगू की," पिशवी उचलून परत कपाटावर ठेवत चुडामणराव म्हणाले. "त्यांच्या बिबड्या वाळू दे आधी."